तिकडं कसं असतं

“तिकडे नळाचं पाणी तसंच पितात,” सुरुची म्हणाली. “उकळायचं नाही, गाळायचं नाही.”

केशवरावांनी मान हलवली. आज नळाचा दिवस होता. सुरेखाबाई सकाळपासून बादल्या, हंडे, पिंप भरत होत्या. पुढचं पाणी आठवड्यानं येईल की दहा दिवसांनी, हे जालन्यात कुणी छातीठोकपणे सांगत नसे.

सुरुची कॅनडाहून आल्यापासून घरात हाच विषय होता. तिकडची हवा, तिकडचे दवाखाने. रस्त्यात कुणी हॉर्न वाजवत नाही. बाईमाणूस रात्रीसुद्धा एकटं बिनधास्त फिरतं. इथे मात्र खिडकी उघडली की एमआयडीसीची काजळी.

केशवराव ऐकून ऐकून थकले होते. मुलगी आपल्याला न्यायला आली आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती सरळ विचारत नव्हती, एवढंच.

जेवताना सुरेखाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, “ताई, तिकडं थंडी लई असती म्हनं?”

“बाहेर असते. घरात बिलकुल नाही. एका हिवाळ्यात सवय होते.”

“अन् बोलायला कोनी?”

“मराठी माणसं आहेत की. गणपतीसुद्धा बसतो.”

सुरेखाबाई पुढची भाकरी शेकायला आत गेल्या. केशवरावांना बरं वाटलं. जे विचारायला आपली जीभ रेटत नव्हती, ते बाईंनी आपल्यासाठी विचारून टाकलं.

बायको, उमा, गेल्यापासून हे घर सुरेखाबाईंवर चालत होतं. त्या मंठ्याकडच्या. नवरा वारलेला, मुलगी तृप्ती सासरी. मागच्या खोलीत राहायच्या. केशवरावांना न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात फरशीवर झोपून त्यांनीच रात्री काढल्या होत्या. ‘काका, उठा, दोन घास खाऊन घ्या,’ एवढंच बोलणं. पण त्या बोलण्यावर माणूस उठून बसायचा.

आपण गेलो तर या बाईनं जायचं कुठे? एवढ्याच एका कारणासाठी ते आजवर गप्प होते.

“तिथे सगळं आहे बाबा, पण घरात माणूस नाही,” दुपारी सुरुची म्हणाली. तिचे डोळे ओढलेले दिसत होते. “आम्ही दोघंही कामावर. बाळ दिवसभर परक्या लोकांत. रात्री घरी आणते तेव्हा ते रडतसुद्धा नाही, नुसतं बघत राहतं. कुणीतरी मायेचं हवं हो.”

केशवराव दुपारभर पडून होते. झोप लागली नाही. नातवाचं ते बघत राहणं डोळ्यांपुढून जाईना. चहाच्या वेळी ते उठून बाहेर आले आणि खुर्चीत बसले.

“सुरुची, येतो मी,” ते म्हणाले. “आता नाही म्हणायचं बळ राहिलं नाही. बाळाजवळ बसून राहीन, तेवढं तर जमेल. फक्त आधी सुरेखाबाईंना एखादं चांगलं घर बघून दे. त्यांना वाऱ्यावर सोडून माझा पाय निघायचा नाही.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

सुरुचीनं कप खाली ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “बाळाला सांभाळायला मी सुरेखामावशींना घेऊन जातेय. त्या कालच हो म्हणाल्या.”