धावजीची हाळी

या बापहो, जरा जवळ सरका. कीर्तनकार महाराजांची गाडी अजून मुकुटबनच्या अलीकडे आलेली नाही, पेटीवाले चहा घेताहेत. तोवर एक गोष्ट ऐका. देवळातली नाही, तुरीच्या वावरातली आहे; पण देव त्या वावरातही होता, असं मला आपलं वाटतं.

लखीरामच्या तुरीत रानडुकरं शिरली होती. तूर डोक्याहून उंच, शेंगांनी लगडलेली, आणि आत कळप दिवसाढवळ्या खुशाल पडून. रोज एक पट्टा आडवा होत होता. असंच चाललं असतं तर घरी न्यायला काड्याच उरल्या असत्या. डुकरं मारायला वनखात्याची परवानगी होती, पण तिची मुदत आज संपत होती.

सकाळच्या थंडीत तिघे धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसले होते. बंदूक बबनरावांची, बडवायचं डबडं किसनरावांचं, वावर लखीरामचं. मिसरूड फुटल्यापासूनचे शिकारीचे सोबती. आता तिघांचेही केस पिकलेले.

"नियम ऐकून घ्या," किसनराव म्हणाले. "बार वावरातच काढायचा. धुऱ्यापलीकडे गेलं का डुक्कर सरकारचं."

"डुकराले सातबारा वाचता येते काय बे?" बबनराव बंदूक पुसत होते.

"तुले तरी कुठी वाचता येते? चष्मा घरी इसरून आला."

"चष्म्याचं काय काम? तुह्यायेवढं ढोर समोर आलं का बार काढतो."

लखीराम हसला, पण त्याची नजर तुरीवरून हलत नव्हती.

डुकरं उठवायचा हाकारा कायम धावजी घालायचा. लखीरामच्याच बंजारा तांड्यातला. यंदा पोळा झाला आणि तो वारला. त्याचा एक नियम होता, सरकारच्या नियमांत नसलेला. डबडं वाजायच्या आधी तो दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि तुरीत हाळी घालायचा, "याडी वोऽऽ! लेकरं घे, नाल्यानं निंग!" याडी म्हणजे आई. मग एक बिडी ओढून होईस्तोवर बंदूक मांडीवर. पिलंवाली निघून गेली की मगच हाकारा.

"अन् तिच्यामागं सारा कळप जाये," किसनराव म्हणाले. "आपल्या हातानं डुकरं मेली कमी, बिड्या संपल्या जास्त."

"एकडाव त थ्यानं हाळी देल्ली," लखीराम म्हणाला, "अन् डुकरीन आलीच नाही. तुरीतून निंगाली थ्याची सासू, डोक्शावर काड्यायचा भारा घेऊन. पंधरा दिवस बोल्ली नाही थ्याच्यासंग."

तिघेही पोट धरून हसले. बबनरावांनी फडकं झटकून खिशात कोंबलं.

"आज हाळी नाही," ते म्हणाले. "लखीराम, तुही तूर वाचली पाह्यजे. जे समोर येईन त्याच्यावर बार. धावजी माफ करन आपल्याले."

लखीरामनं मान हलवली. "मी बी थेच म्हनतो भाऊ. समदं वरीस याच्यावर हाय."

बबनराव नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसले. कळपाला बाहेर पडायची वाट तीच. किसनराव आणि लखीराम वळसा घालून पलीकडे गेले. लखीरामनं पहिली आरोळी ठोकायची, लगेच किसनरावांनी डबडं बडवायचं, असं ठरलं. बबनरावांनी बंदूक खांद्याला लावली आणि श्वास रोखला.

"याडी वोऽऽ! लेकरं घे, नाल्यानं निंग!"

आवाज लखीरामचा होता. पण शेवटचा सूर धावजीचाच, मृदंगावर थाप पडण्याआधी कीर्तनकार उचलतात तसा वर उचललेला.

बबनरावांची बंदूक आपसूक मांडीवर आली. बिडी त्यांनी कधीच सोडली होती, तरी हात खिसा चाचपून आला. तूर सळसळली. आधी डुकरीण बाहेर आली. मागून अंगावर पट्टे असलेली पिलं, एकमेकांना ढुशा देत. बबनरावांच्या पुढ्यातून ती नाल्यात उतरली. मागोमाग सगळा कळप. शेवटी मोठा सुळेवाला, पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखा, सावकाश. डबडं वाजलंच नाही.

किसनराव धापा टाकत आले. "काहून बे लख्या? थो सुळेवाला बी आई झाला काय?"

लखीराम मागून आला आणि धुऱ्यावर बसला. "हुर्रर्र म्हनायले तोंड उघडलं गा. थेच निंगालं."

"वापस येतीन थे आज रातीच. तूर गेली तुही."

"गेली," लखीराम म्हणाला.

बबनरावांनी बंदुकीतलं काडतूस काढलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसले. त्यांना काही म्हणायचं होतं, पण किसनरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हनुवटीनं शेजारच्या पऱ्हाटीकडे खूण केली.

तिथं रुपीबाई कापूस वेचत होती. धावजीची बायको. हाळी कानावर पडली तशी ती कंबर सरळ करून उभी राहिली होती. शिकारीहून परतणारा धावजी वाटेवर दिसला की ती घ्यायची, तसा तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता, आणि ओटीतला कापूस तसाच धरून ती तुरीकडे पाहत होती.

बापहो, त्या शिवारातून कधी जाणं झालं, तर धावजीचं नाव तेवढं घ्या.