गचके

“सगळे एकजात गाढव!” तिसऱ्या गॅरेजमधूनही तणतणत परतलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले. ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की त्यांची जुनी मोटरसायकल गचके खायची, आणि ही कालची पोरं म्हणत होती, गाडीत दोषच नाही! चाळीस वर्षं इंजिनं खोललेल्या माणसाला हे शिकवणार! त्यांनी स्वतःच कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, चेन ताणली. गचके तसेच. “बाबा, मी बघू चालवून?” सुनेनं विचारलं. “बघ बाई, तेवढंच राहिलं होतं!” ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. “पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही, बाबा.” बोलता बोलता तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. ती आत जाऊन चहा घेऊन आली. “गचके कळायला अक्कल लागते,” म्हणत मिस्त्रींनी बशी उचलली. ओठांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा चहा शर्टावर सांडला. “हल्ली बश्यासुद्धा धड बनवत नाहीत.”