चालू वर्तमानकाळ

“आत्ता, या घडीला जे चाललंय तेवढंच सांग,” तहमीना म्हणाली. “घडून गेलेलं नको, पुढं घडणारं नको. चालू आहे ते.”

गौतमीनं मागच्या दाराकडं पाहिलं. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

“माय ब्रदर इज वॉशिंग हिज हँड्स.”

वाक्यात चूक नव्हती. गौतमीचा भाऊ संघर्ष शिक्रापूरच्या एका कंपनीत मशीनवर कामाला होता. दिवाळीच्या तोंडावर, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी येताना, हायवेला त्याच्या गाडीवर ट्रक आला. मयतीला तहमीना शाळेतल्या बाईंबरोबर इनामगावात आली होती, तेव्हा याच खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

आता ती गौतमीला इंग्रजी शिकवायला यायची ती त्याच बाईंच्या सांगण्यावरून. मांडवगणहून स्कूटीवर, दुपारची. पोरगी दहावीला, डोक्यानं तल्लख, पण दिवाळीनंतर भूतकाळाचं एकही वाक्य लिहीत नव्हती. पेपरात तेवढी जागा कोरी सोडायची.

“साधा वर्तमानकाळ,” तहमीना म्हणाली. “नेहमी घडतं ते.”

“ही कम्स होम ॲट फोर.”

“पूर्ण वर्तमानकाळ.”

“ही हॅज टेकन ऑफ हिज शूज.”

गौतमी अडखळत नव्हती. समोर दिसतंय ते सांगावं तशी सांगत होती. तहमीनाला तिची कीव आली, आणि थोडा रागही.

मागं परसातल्या मोरीवर पाणी पडत होतं. तांब्याभर पाणी, मग जरा थांबून पुन्हा तांब्याभर. गौतमीची आई, ताईबाई, भांडी घासत असतील, असं तहमीनानं धरलं होतं.

तेवढ्यात पुढच्या दारात सावली आली. डोक्यावरचा गवताचा भारा ताईबाईंनी अंगणात टाकला आणि त्या उंबऱ्यात टेकल्या.

“लई येळ झाला का येऊन, मॅडम?”

तहमीना त्यांच्याकडं बघतच राहिली. मागं पुन्हा तांब्याभर पाणी पडलं.

“मावशी, मागं कोण आहे?”

ताईबाईंनी पदरानं मानेवरचा घाम पुसला. क्षणभर ऐकलं.

“साबण ठिवलाय मी तितं,” त्या म्हणाल्या. “नुसत्या पाण्यानं ग्रीस जात न्हाई.”

उठून ते दार उघडावं, असं तहमीनाला वाटलं. ती उठली नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. शेजारचं घर कांद्याच्या वावरापलीकडं होतं. तिनं गौतमीचं मनगट धरलं. ते गार नव्हतं, थरथरत नव्हतं. पोरगी अगदी निवांत होती. त्या निवांतपणाचीच तहमीनाला जास्त भीती वाटली.

“मघाचं पहिलं वाक्य घे,” ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “भूतकाळ कर.”

गौतमीनं नकारार्थी मान हलवली.

“एवढंसंच बदलायचंय, गौतमी.”

“म्हटलं की संपतं, मॅडम.”

“बोर्डात हेच विचारतील. आणि पुढं? जन्मभर जागा कोरी सोडशील?”

गौतमी आईकडं बघू लागली. ताईबाईंनी केसात अडकलेली गवताची काडी काढली आणि बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण काय मागितलं जातंय, ते त्यांना कळलं होतं.

“म्हण, बाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याचं बी तेच म्हणणं हाय. पोरीनं शिकावं.”

गौतमीनं डोळे मिटले.

“माय ब्रदर वॉश्ड हिज हँड्स.”

मोरीवर भरला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

तहमीनानं श्वास सोडला. आता पुरे, असं ती म्हणणार, तोच गौतमी न विचारता बोलू लागली. डोळे मिटलेलेच होते.

“ही ड्रँक टी. ही लाफ्ड ॲट मी. ही टुक हिज हेल्मेट. ही वेंट.”

सगळी वाक्यं बरोबर होती. ‘वेंट’पुढं तिला क्रियापद सापडलं नाही. ती आईच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. मयतीच्या दिवशी ती रडली नव्हती; बायका तिला रडवायला बघत होत्या आणि ती कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

ताईबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळानं पोरीला बाजूला करून त्या उठल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं. परसात ऊन होतं. कुणी नव्हतं. मोरीच्या दगडावरून साबणाचा काळपट फेस अजून हळूहळू उतरत होता.

ताईबाई त्या फेसाकडं बघतच उभ्या राहिल्या. मग वळून, रोजच्या कामाचं काही विचारावं तशा म्हणाल्या,

“मॅडम, ‘त्यो यील’ इंग्रजीत कसं म्हणत्यात?”

तहमीनाला येत होतं. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. पण तिनं आधी गौतमीकडं पाहिलं.

गौतमीनं ओढणीनं नाक पुसलं.

“ही विल कम,” ती म्हणाली.

मग तिघीही मोरीच्या दिशेनं कान देऊन ऐकू लागल्या.