विश्वेश पुढे गेलाय

बाकावर शामसुंदरराव नव्हते.

गोदावरीबाईंनी चहाच्या रांगेतल्या सुनेकडे, अपूर्वाकडे मान वळवून पाहिलं, तेवढाच काय तो वेळ. परत वळल्या तर नुसती काठी बाकाला टेकलेली. पुढे हिरवळ, त्यापलीकडे भिंतीसारखी छाटलेली उंच झुडपं, आणि मागे कुणा इंग्रज सरदाराची दगडी हवेली. माणसं हसत-खिदळत फोटो काढत होती.

"अहो!" त्यांनी हाक मारली. कुणी वळलं नाही.

चूक त्यांचीच होती. सकाळपासून शामसुंदररावांनी एकच धोशा लावला होता, "विश्वेश कुठाय?" शेवटी थकून त्या बोलून गेल्या होत्या, "पुढे गेलाय. बागेत."

विश्वेश मागच्या हिवाळ्यात इथे इंग्लंडात, डर्बीशायरमध्येच गाडीच्या अपघातात गेला होता. अग्नीही त्याला इथेच दिला. शामसुंदरराव तेव्हा नाशिकला दवाखान्यात बेशुद्ध पडलेले, मेंदूत रक्तस्राव झालेला. ते घरी आले ते अर्धे हरवूनच. उभा जन्म रामकुंडावर दुसऱ्यांचे विधी केलेला हा माणूस, आणि पोटच्या पोराला त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

गोदावरीबाईंनी एकदा त्यांना सांगून पाहिलं होतं. शामसुंदररावांनी भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना विचारलं, "विश्वेशचा फोन आला का गं?" गोदावरीबाईंनी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच फुटले, पहिल्यांदाच ऐकावं तसे. मग मात्र त्यांनी सांगणं सोडलं. एका बापाला मुलगा गेल्याची बातमी किती वेळा द्यायची?

उन्हाळ्यात अपूर्वाने दोघांना हट्टाने इकडे बोलावून घेतलं. विश्वेशला जुन्या हवेल्या, बागा आणि डोंगरातल्या पायवाटांचं वेड होतं. त्याच्याबरोबर जिथे जिथे हिंडली, तिथे तिथे ती सासू-सासऱ्यांना नेत होती. दुसरं काय करावं हे त्या पोरीलाही सुचत नव्हतं.

गोदावरीबाई झुडपांमधून धावत सुटल्या. प्रत्येक वळणावर तीच हिरवी भिंत. पदर काट्यांत अडकून फाटला. हातगाडी ढकलणाऱ्या माळ्यापुढे त्यांनी हात जोडले. "हजबंड," एवढा एकच शब्द त्यांना आठवला. त्याने गाडी टाकली आणि तो हवेलीकडे पळाला. गोदावरीबाई उतारावरून खाली निघाल्या, आणि खाली तळं दिसलं.

जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेल्या त्या बाईने ओरडून हाक मारली, "शामसुंदर! अहो, शामसुंदर!"

काठावर गवतात त्यांचे बूट होते. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, आत मोजे खुपसलेले.

गोदावरीबाई बुटांपाशी बसल्या. पाणी काळं आणि शांत होतं. आता अपूर्वाला काय सांगायचं, नाशिकला काय सांगायचं, काहीच सुचेना. आपणही पाण्यात उतरावं, हे मात्र लख्ख सुचलं. त्या उठल्या आणि खरंच दोन पावलं पुढे गेल्या.

तेव्हा त्यांना झाडाआडून पुटपुटणं ऐकू आलं.

होड्यांसाठी बांधलेल्या दगडी पायरीवर शामसुंदरराव मांडी घालून बसले होते. अंगातला सदरा काढून ठेवलेला, उघड्या पाठीवर जानवं, इथल्या उन्हाळ्यातही थंडीने काटा आलेला. काठचं गवत खुडून ते दर्भासारखं जुळवत होते. त्यांनी वर पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, पण आवाज मात्र खणखणीत होता, रामकुंडावरचा.

"या बाई, बसा इथे समोर. कोणाचं करायचंय?"

मागून अपूर्वा धापा टाकत आली. "बाबा! चला, थंडी आहे..." गोदावरीबाईंनी हात मागे करून तिला थांबवलं.

काहीतरी सांगून त्यांना उठवता आलं असतं. विश्वेश गाडीत वाट बघतोय म्हटलं असतं तर ते लगेच निघाले असते. ते वाक्य ओठांवर आलंही. पण आता गोदावरीबाईंच्यात खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं. त्या ओल्या दगडावर बसल्या.

"मुलाचं," त्या म्हणाल्या.

"अरेरे." त्यांनी गवताची काडी गोदावरीबाईंच्या बोटाभोवती गुंडाळली. "नाव?"

"विश्वेश."

त्यांनी ते नाव दोनदा मनाशी घोळवलं, मान हलवली, ओंजळीत पाणी घेतलं.

"गोत्र?"

गोदावरीबाईंनी डोळे मिटले. "तुमचंच."

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. शामसुंदररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच उठले, उपाध्यायाची जागा सोडली, आणि त्यांच्या शेजारी, यजमानाच्या जागेवर येऊन बसले.