अभिजात हडळ

“ताई, तुम्ही पेपरात माझ्यासाठी दोन ओळी लिहा. लोक तुमचं ऐकतील,” शाल्मली रडत मंदाकिनीबाईंना म्हणाली.

त्यांच्या जुन्या शृंगारिक भयपटाच्या रिमेकमध्ये ती हडळ झाली होती. आजच्या परीक्षणात छापलं होतं, ‘मंदाकिनीबाईंची हडळ अभिजात होती. ही पोरगी नुसते कपडे उतरवते.’ ते वाचून वडिलांनी तिला घराबाहेर काढलं होतं.

तीस वर्षांपूर्वी त्याच हडळीवरून याच समीक्षकानं मंदाकिनीबाईंना ‘बाजारू’ म्हटलं होतं. त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा कुणी काम दिलं नाही.

त्यांनी पोरीला जवळ बसवलं, पाणी दिलं. मग चष्मा लावून स्वतःचं कौतुक वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

“बरोबरच लिहिलंय की त्यांनी,” त्या म्हणाल्या आणि तेवढा मजकूर कापून ठेवायला कात्री शोधू लागल्या.