पुरातली घरघंटी

"अहो, अजून थोडी भाजी वाढू का?" गायत्रीने नवऱ्याला विचारलं.

"नको गं. फार छान झालीय," प्रवीण म्हणाला.

गजेंद्ररावांचा घास हातातच राहिला. भाजीत मीठ नव्हतं.

गायत्री त्यांची मेहुणी, सुलभाची धाकटी बहीण. तिची आणि प्रवीणची भांडणं सुरतेपासून जळगावपर्यंत प्रसिद्ध होती. सुलभा ती फोनवर ऐकायची. आधी बहिणीची बाजू घ्यायची आणि फोन ठेवल्यावर प्रवीणची. सुलभा उन्हाळ्यात गेली. आता हे दोघं एकमेकांपुढे पापड सरकवत होते. बायको गेलेल्या माणसासमोर भांडायचं नाही, असं त्यांचं ठरलं असावं. माणसं भलतीच समजूतदार.

गजेंद्रराव उद्या सकाळी इथूनच डांगच्या जंगल-सहलीच्या बसमध्ये बसणार होते. माहितीपत्रकात त्याला रेनफॉरेस्ट म्हटलं होतं. नुसतं डांग म्हटलं असतं तर कोणी बॅग भरली नसती. बुकिंग निखिलने, त्यांच्या मुलाने, परस्पर केलं होतं. तिथली शांतता अनुभवा, असं त्याने बाबांना बजावलं होतं. जळगावच्या घरात जणू शांततेचा तुटवडाच होता. तिथे फ्रिज सुरू झाला की गजेंद्ररावांना कोणी आल्यासारखं वाटायचं. शेजारी त्यांच्याशी दवाखान्यात बोलावं तसं बोलत. ते दूधवाल्याला निरोप द्यायला विसरले, तर दूधवालाच माफी मागे.

त्यांनी सहलीला होकार दिला तो सुरतेच्या मुक्कामासाठी. एक संध्याकाळ नांदत्या घरातला आरडाओरडा कानावर पडावा, एवढंच त्यांना हवं होतं. जंगल काय, मुक्कामासोबत आलं होतं.

आणि इथे घर इतकं गप्प होतं की गॅलरीतून तापीचं पाणी ऐकू येत होतं.

प्रवीणने पंखा वाढवला. पंख्याने गायत्रीला शिंका येतात. ती तीनदा शिंकली आणि नवऱ्याकडे बघून हसली. गजेंद्ररावांना ते पाहवेना. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"प्रवीणराव, दोन हजार सहाच्या पुरात तुमची घरघंटी खालीच राहिली होती ना?"

तेव्हा हे दोघं तळमजल्यावर राहत. प्रवीणने डोळ्यांनी विनवणी केली, पण उशीर झाला होता.

"राहिली नव्हती, भाऊजी. ठेवली होती," गायत्री म्हणाली. "ह्यांनी आधी कॅरमबोर्ड वर नेला."

"कॅरम हलका होता."

"मीही हलकीच होते तेव्हा. मला कुठे हात दिलात?"

मग धरणाचे सगळे दरवाजे उघडले. पीठ दळायची ती घरघंटी, सासूबाई, चुलतदिराच्या लग्नातली साडी, भाजीतलं मीठ, सगळं वाहत आलं. प्रवीण गुजरातीत शिरला. चिडल्यावर त्याला मराठी पुरत नाही. गजेंद्रराव खुर्चीला टेकून ऐकत होते.

गायत्री एकदम त्यांच्याकडे वळली.

"आणि तुम्ही काय हसताय? मुद्दाम काडी लावलीत. पोळी तशीच ताटात, हात वाळून गेला. आणि तो शर्ट बघा. कॉलर काळी झालीय. लाज नाही वाटत असं चारचौघांत यायला?"

गायत्रीने तोंडावर हात ठेवला. उन्हाळ्यापासून गजेंद्ररावांना कोणी रागावलं नव्हतं.

"चुकलं माझं, भाऊजी," ती कशीबशी म्हणाली.

गजेंद्ररावांनी पोळीचा तुकडा मोडला.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "शर्टाचं काय म्हणत होतीस?"