साखरेवर पहारा

चारशे बारा.

कुशाबाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. आकडा तोच होता. रमाबाई कॉटवर टोचलेलं बोट दाबत बसली होती. सकाळपासून तिने दोन तांबे पाणी संपवलं होतं, तरी घशाची कोरड जात नव्हती. आता तर तिला धड बसवतही नव्हतं.

"काय खाल्लंस? खरा सांग."

"नाचण्याची भाकरी. तुमी दिलात ती."

"आणि चोरून?"

"माका कोण काय देतला? तुमच्याशिवाय कोण येता हय?"

कुशाबाचा विश्वास बसला नाही. गेले दोन महिने तो हात धुऊन बायकोच्या साखरेमागे लागला होता. रमाबाईचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. साखर दोनशेच्या खाली आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तारीख दोनदा पुढे गेली होती. नायगावच्या या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून तिला दीड वर्ष झालं होतं. भाजीवाल्याशी भांडायचं तर तेही खिडकीतून. ती आपल्या पायांनी जिना उतरणार म्हणजे उतरणार, असं कुशाबाने ठरवलं होतं. गिरणीत मुकादमकी केलेला माणूस. एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकायचा नाही.

त्याने घरातली साखर, गूळ, बिस्किटं सगळं हद्दपार केलं. मजल्यावरच्या वीसही खोल्यांना सांगून टाकलं की आमच्या दारात गोडाची वाटी आणायची नाही. शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्याने उंबऱ्यावरूनच परत पाठवला, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. लावोत. उशीखाली, ट्रंकेत, देवाच्या फोटोमागे, कुठे म्हणून तो हात घालून बघायचा राहिला नाही. कधी काही सापडलं नाही. साखर मात्र चढत गेली आणि तिच्याबरोबर कुशाबाचा आवाजही. "लाज वाटत नाय तुका? म्हातारपणी चोऱ्या करतंस?" तो ओरडायचा आणि वीस खोल्या ऐकायच्या. रमाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

बाकी सेवेत त्याने काही कमी केलं नव्हतं. भाकरी तोच भाजायचा, गुडघ्यांना तेल तोच चोळायचा. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या गोळीला ठणका दाद देईना, तेव्हा कोपऱ्यावरच्या खोलीतली शांतीवहिनी मदतीला धावली. तिचा नवरा दगडू कॅन्सरने गेला होता. त्याच्या दुखण्याच्या जबर गोळ्यांची पाकिटं उरली होती. चाळीत वापरण्याजोगी वस्तू कोणी फेकत नाही. दगडूची काठी पहिल्या मजल्यावर गेली, गादी शेजारी गेली, गोळ्या कुशाबाकडे आल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. चार दिवसांत रमाबाई गॅलरीच्या टोकापर्यंत चालली होती आणि कुशाबाचे डोळे भरून आले होते.

आज मात्र तिला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं.

दवाखान्यात सुई लागली, सलाईन लागलं. दुपारी रमाबाईला जरा तरतरी आली, तेव्हा डॉक्टर आकांक्षा कागद घेऊन कॉटशी उभी राहिली. वयाने लहान, पण बोलायला खणखणीत.

"आजी, गोड खाता?"

"चोरून खाते," कुशाबा मध्येच म्हणाला.

"काका, तुम्ही थांबा. आजी, आम्ही दिलेल्या गोळ्या सोडून दुसरं काही घेता? दुखण्याची एखादी तीव्र गोळी? अफूच्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांची साखर चढू शकते. त्यानेच चढली असं छातीठोक सांगता येत नाही, पण मला कळायला हवं. आणि दुसऱ्याच्या नावावरची गोळी घरातलं कोणी देत असेल, तर त्याची मी काही खैर ठेवणार नाही."

रमाबाईने कुशाबाकडे पाहिलं. मग ती डॉक्टरकडे वळली.

"लाडू खाल्ले मी, बाई. बेसनाचे. चोरून."

डॉक्टरने मान हलवली आणि लिहायला घेतलं.

कसले लाडू? दोन महिन्यांत घरात बेसनाचा कण आला नव्हता. कुशाबाइतकं हे कोणाला ठाऊक होतं? गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. घरी जाऊन गोळ्या मोरीत टाकल्या असत्या, कोणाला पत्ताही लागला नसता.

तो उठून उभा राहिला.

"लिहू नका ते. ती खोटं बोलतेय. लाडू नाहीत, गोळ्या. रोज दोन. मी दिल्या, माझ्या हाताने."

संध्याकाळसाठी खिशात आणलेलं पाकीट त्याने डॉक्टरसमोर धरलं. डॉक्टरने पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्याला भर वॉर्डात असं झापलं की पंधरा कॉटवरची माणसं उठून बसली. कुशाबा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, आम्ही सांगू तशा कमी करायच्या, मग साखर काय करते ते बघू, असं ती शेवटी म्हणाली. कशा कमी करायच्या ते त्याने दोनदा विचारून घेतलं. पुन्हा चूक करायची नव्हती.

डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेली. कुशाबा स्टुलावर बसला.

"दोन महिने मी तुका चोर म्हटलंय, तेवा तोंड उघडूक नाय," तो म्हणाला. "आणि आज आपणहून चोर झालंस?"

"तुमी माका बोललात, ता घरातला," रमाबाई म्हणाली. "तुमका भायरचा कोण बोललेला माका चलणा नाय."